‘धुडकावून’ हा शब्द माझा होता

मी सव्वीस वर्षं युद्धं लिहिली आणि त्या सव्वीस वर्षांत सोलापूर सोडून गेले ती फार तर लग्नकार्याला. बॉम्ब पडल्यावर कसा आवाज होतो ते मला सांगता येणार नाही. तरी परदेशातलं एखादं शहर पडलं, की सोलापूर जिल्ह्यापुरतं ते माझ्या हातून पडायचं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि देश-विदेशचं पान माझ्याकडे होतं.

लोकांना वाटतं, पेपरात काम म्हणजे वही घेऊन धावायचं. आमचं काम बसून. बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीकडून दिवसभर इंग्रजी मजकूर संगणकावर येत राहायचा. त्यातलं निवडायचं, मराठी करायचं, जागेत बसेल एवढं कापायचं आणि वर मथळा द्यायचा. मला ते सोपं गेलं. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील मागावर काम करायचे. कारखान्यातून किंवा कचेरीतून आलेला कागद घरात मी वाचायची आणि आईला तेलुगूत सांगायची. सांगताना थोडं सौम्य करून सांगायची, कारण आई घाबरायची. म्हणजे भाषांतर करताना आपल्याकडचं थोडं घालायची सवय मला नोकरीच्या आधीपासून होती.

युद्धाच्या बातम्यांत सगळ्यात अवघड बातमी तपासणी नाक्यावरच्या गोळीबाराची. बॉम्बहल्ला कुणी केला ते निदान ठाऊक असतं. नाक्यावर काय होतं? रस्त्यात सैनिक उभे असतात, समोरून गाडी येते, ती थांबत नाही, सैनिक गोळी घालतात. कधी गाडीत स्फोटकं निघतात, कधी एखादं कुटुंब निघतं. बातमी पाठवणारा तिथं नसतोच. सैन्य सांगतं ते एजन्सी पाठवते, आणि एजन्सी पाठवते ते आम्ही छापतो.

कचेरीसमोर नदाफचाचांचं वह्यापुस्तकं बांधायचं दुकान होतं. रोज सकाळी ते आमच्याकडे येऊन पेपर वाचायचे. एकदा चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या बातमीत गोळी आपली आपणच सुटती काय?”

मी बघितलं. मथळा होता, ‘नाक्यावर गोळीबारात तिघे ठार’. गोळी कुणी घातली ते मथळ्यात नव्हतं. पण आठवडाभरापूर्वी दुसऱ्या बाजूनं हल्ला केला तेव्हा मीच लिहिलं होतं, ‘अतिरेक्यांनी तिघांना ठार केले’. एकीकडे माणसं ठार होतात, दुसरीकडे कुणीतरी ठार करतं. मी मुद्दाम केलं नव्हतं. इंग्रजीत तसं होतं आणि माझ्या हातालाही तेच वळण पडलं होतं.

त्याच दिवशी दुपारी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते नेहमी करायचे. “तुमचा पेपर सैनिकांना बदनाम करतो,” म्हणाले. “गाडी का थांबली नाही, ते छापा ना!” मी दोघांनाही हसून उत्तरं दिली. एक डावीकडून ओढतोय, एक उजवीकडून, म्हणजे मी बरोबर मधे आहे असं मी धरून चालले. आमच्या धंद्यात ही समजूत फार आरामाची असते.

त्यानंतर काही महिन्यांनी ती बातमी आली. देशाचं नाव मी लिहीत नाही. नाव वाचलं की माणूस आपली बाजू ठरवून पुढे वाचतो, हे मी सव्वीस वर्षं बघितलंय. बातमी साधी होती. मालवाहू ट्रकवर नाक्यावर गोळीबार, ट्रकमधला एक जण ठार, चालक जखमी, दोघे भारतीय असल्याचं समजतं. संध्याकाळची वेळ, डाक आवृत्तीची पानं सोडायची घाई. डाक आवृत्ती म्हणजे बाहेरगावी जाणारी. तिकडं करकंबपासून इकडं मंद्रूपपर्यंत सकाळी चहाच्या वेळेला पेपर पोचायचा, तर आमचं पान लवकर सुटावं लागायचं. पानावर एका कॉलममध्ये अकरा ओळींची जागा उरली होती. मी अकरा ओळी लिहिल्या. त्यातलं एक वाक्य असं: ‘थांबण्याचा इशारा धुडकावून चालकाने ट्रक दामटल्याने सैनिकांनी गोळीबार केला.’

चांगलं चटपटीत वाक्य होतं. मला आवडलंही असेल.

दोन दिवसांनी कळलं की दोघे आपल्याकडचे. मेलेला मल्लिनाथ, गाव मंद्रूप, गाड्यांचा मिस्त्री. चालक रफिक, सोलापुरातल्या नई जिंदगी वस्तीतला. आमचा बातमीदार मंद्रूपला जाऊन आला, फोटोसकट मोठी बातमी झाली. अशा बातमीच्या शेवटी आधी काय घडलं ते सांगणारा एक परिच्छेद जोडतात. तो कुणी नव्यानं लिहीत नाही, जुन्या बातमीतून उचलतात. त्यानं माझं वाक्य उचललं. गावच्या बातमीदारानं ते त्याच्याकडून उचललं. मग केबलवाल्यांनी वाचून दाखवलं. आठवड्याभरात ते वाक्य इतक्या ठिकाणी झालं, की ते मी लिहिलंय हे मीसुद्धा विसरले.

पाच-सहा महिन्यांनी, एका दुपारी, एक माणूस कचेरीत आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, उजवा हात अंगाशी धरलेला. त्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्यानं डाव्या हातानं खिशातून कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“हे कुणी लिहिलं, मॅडम?”

मी वाचलं आणि ओळखलं.

“मी रफिक,” तो म्हणाला. “मल्लूचं सामान द्यायला मंद्रूपला गेलतो. त्याचं घड्याळ, कपडे, बॅग. त्याच्या वडलांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं. आत जाऊन ह्याच बातमीचं कात्रण आणलं नि म्हणाले, वाच. मी वाचलं. मग म्हणाले, तू गाडी दामटलीस म्हणून माझा पोरगा गेला. सामान तितंच ठेव नि जा.”

तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून निघालं, “बातमी एजन्सीची होती. आम्ही फक्त मराठी करतो.”

“म्हणजे तुमी न्हाई लिहिलं?”

“एजन्सीकडून आलं तसं छापलं.”

त्यानं मान हलवली, कात्रणाची घडी एका हातानं सावकाश घातली आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत मी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसले होते. मी त्याला बसा म्हटलं नव्हतं. काय झालं, हेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि एजन्सीचा मूळ मजकूर शोधून काढला. आम्ही जपून ठेवायचो. इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: लष्कराच्या म्हणण्यानुसार, इशारे देऊनही ट्रक थांबला नाही; घटनेची चौकशी सुरू आहे.

बस, एवढंच. ‘लष्कराच्या म्हणण्यानुसार’ मी जागेसाठी उडवलं होतं. ‘चौकशी सुरू आहे’ हेही उडवलं होतं. आणि ज्या जागेसाठी एवढं उडवलं, त्याच जागेत ‘धुडकावून’ आणि ‘दामटल्याने’ हे दोन शब्द घातले होते. ते इंग्रजीत कुठंच नव्हते. ट्रक थांबला नाही, हे कुणाचं तरी सांगणं होतं. मी ते खात्रीचं करून टाकलं, आणि वर चालकाचा उद्धटपणाही ठरवून टाकला.

मी तो कागद पर्समध्ये घातला आणि रिक्षानं नई जिंदगीला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. ‘तो, गोळी लागलेला’ म्हटलं की लोक बोट दाखवत होते. रफिकच्या बायकोनं दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पाणी दिलं, पण माझ्याकडं न बघता.

“काल मी तुमच्याशी खोटं बोलले,” मी रफिकला म्हटलं. “बातमी एजन्सीची होती, पण धुडकावून हा शब्द माझा आहे.”

त्यानं मला बसा म्हटलं. मग म्हणाला, “मॅडम, गाडी थांबली न्हाई, हे खरं हाय. धुडकावलं, हे खोटं हाय.”

मग त्यानं सांगितलं. रोजचाच रस्ता. आदल्या दिवशीपर्यंत तिथं नाका नव्हता. वळणावरून गाडी बाहेर आली, ऊन थेट काचेवर, आणि समोर दोन सैनिक. एकानं हात वर करून मूठ दाखवली. “त्यांच्यात मूठ म्हणजे थांब. मला कुणी सांगितलंवतं? आपल्याकडं मूठ कोण दाखवतो? घोषणा देणारा.” गाडीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी गच्च भरलेली. ब्रेक दाबला तरी एवढं वजन जागच्या जागी उभं राहत नाही.

“आणि ते सैनिक?” मी विचारलं.

“ज्यानं मारली तो तर कोवळा पोरगा, मॅडम. मागनं तोच पळत आला. माझ्या हाताला पट्टी त्यानंच बांधली, नि सारखं सॉरी, सॉरी. आदल्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या नाक्यावर तसल्याच ट्रकमधनं स्फोट झालता, त्यात त्याचे दोस्त गेलते. त्यालाबी वाटलं असंल, हीबी तसलीच गाडी.” तो थांबला आणि म्हणाला, “लिहिणार असाल तर हेबी लिवा. त्याला राक्षस करू नका.”

ज्या माणसाला मी अकरा ओळींत उद्धट करून टाकलं होतं, तो मला हे सांगत होता. मी मान खाली घालून लिहून घेतलं.

संपादक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मूळ कागद वाचला, माझी बातमी वाचली आणि खुर्चीत मागं रेलले.

“थांबला नाही, हे तर तोही कबूल करतोय ना?”

“हो.”

“मग बातमी चुकली कुठं?”

“सर, न थांबणं आणि धुडकावणं यात फरक आहे.”

“वाचकाला नाही कळत एवढा.”

“मंद्रूपच्या एका वाचकाला कळलाय,” मी म्हटलं. “त्यानं त्या शब्दावरनं एका माणसाला दारातनं परत पाठवलंय.”

ते थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. आपण चुकलो असं छापलं की उद्या तक्रारवाल्यांची रांग लागेल, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. रफिकची सगळी हकीकत छापायला ते तयार झाले नाहीत. तिला दुसरा साक्षीदार नव्हता. गंमत अशी, की लष्कराच्या हकीकतीलाही नव्हता, पण तिला आम्ही तो मागितला नव्हता. शेवटी चार ओळींची दुरुस्ती ठरली. ती मी लिहिली. चालकाने इशारा धुडकावला असे मूळ वृत्तात नव्हते, ट्रक थांबला नाही हे लष्कराचे म्हणणे होते, भाषांतरातील या चुकीबद्दल दिलगीर आहोत.

सकाळी छापून आलेली बघितली. सातव्या पानावर, खाली. बरं वाटलं. दुपारी डाक आवृत्तीचा अंक हातात आला, तर त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात. शहर आवृत्तीत दुरुस्ती होती, बाहेरगावच्या आवृत्तीत जाहिरातीला जागा हवी म्हणून ती काढली होती. म्हणजे ज्या गावाला ती पोचायला हवी होती, तिथं सोडून शहरभर ती पोचली.

आता ती दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवण्यात अर्थ नव्हता. मी सुट्टी टाकली, रफिकला विचारलं, आणि आम्ही दोघं विजापूर रोडच्या एसटीत बसलो. तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. मंद्रूप यायच्या आधी एवढंच म्हणाला, “ह्या बारीला जर हाकललं तर परत न्हाई येणार.”

मल्लिनाथचे वडील शिवलिंगप्पा अंगणात खाटेवर बसले होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगानं काटक. रफिकला बघून ते उभे राहिले. मी पटकन पुढं झाले, नाव सांगितलं, पेपरचं नाव सांगितलं, आणि दुरुस्तीचं कात्रण आणि एजन्सीचा कागद त्यांच्यापुढं धरला. कात्रण त्यांनी स्वतः वाचलं. इंग्रजी मी वाचून मराठीत सांगितलं. ते आत गेले, आपल्याकडचं जुनं कात्रण घेऊन आले आणि दोन्ही कात्रणं खाटेवर शेजारी शेजारी ठेवली.

“हे कुनी छापलं?” जुन्या कात्रणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“आम्हीच.”

“नि हे?”

“तेही आम्हीच.”

“मग बाई, ह्यातलं कुटलं खरं धरू मी? सहा महिनं हे खरं हुतं. आज तुमी म्हंताय ते न्हाय, हे खरं. उद्या आनिक तिसरं घिऊन याल.”

इतकी वर्षं वाचकांचा विश्वास, वाचकांचा विश्वास असं आम्ही वर्धापनदिनाला म्हणत आलो, आणि तो विश्वास असा खाटेवर दोन तुकड्यांत पडला होता.

“माझं काहीच खरं धरू नका, आप्पा,” मी म्हटलं. “मी तिथं नव्हते. हा होता. ह्याला विचारा.”

शिवलिंगप्पांनी पहिल्यांदा रफिककडं नीट बघितलं. त्या हाताकडंही.

“बोल,” ते म्हणाले.

रफिकनं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. वळण, ऊन, मूठ, ब्रेक. आणि मग मला न सांगितलेलं एक सांगितलं.

“आप्पा, गाडी निम्मी आवरली हुती. तेवढ्यात फाट करून आवाज आला. त्यांनी आदी हवेत मारली हुती, ते मागनं कळलं. मला वाटलं, म्होरचा टायर फुटला.”

शिवलिंगप्पा पुढं झुकले. “मग?”

“मग मी ब्रेकवरनं पाय काढला.”

मला गाडी चालवता येत नाही, मला काहीच उमगलं नाही. शिवलिंगप्पांनी आयुष्यभर उसाचे ट्रॅक्टर चालवले होते. ते हळूहळू खाटेवर बसले.

“काढायलाच पायजे,” ते म्हणाले. “भरल्या गाडीचा टायर फुटला नि ब्रेक दाबला तर गाडी उलटती. पाय काढायचा नि स्टेरिंग धरून ठिवायचं. मल्लूला मीच शिकिवलंय ते.”

“व्हय,” रफिक म्हणाला. “मल्लूबी तेच वरडला. पाय काढ, पाय काढ म्हणून.”

समोरच्या सैनिकाला मात्र एवढंच दिसलं असणार, की इशारा दिल्यावर मंदावलेला ट्रक पुन्हा पुढं निघाला. एवढं सगळं त्या ‘थांबला नाही’ मध्ये होतं. आणि एवढी मोठी गोष्ट रफिकनं मला का सांगितली नव्हती? मी सैनिकांचं विचारलं, नाक्याचं विचारलं. तुम्ही गाडी चालवताना काय केलंत, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. वीस पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर.

शिवलिंगप्पांनी मला विचारलं, “हे छापनार का?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“पेपरात नगा छापू. मला कळलं तेवढं पुरं.” मग ते रफिकला म्हणाले, “तू हितं बस. त्यो शेवटी काय म्हनला ते मला सांग.” आणि माझ्याकडं बघून, “बाई, तुमी जरा आत बसा.”

मी आत गेले. मल्लिनाथची आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिला मराठी कळत होतं, पण ती कानडीशिवाय बोलत नव्हती, आणि मला कानडी येत नव्हतं. बाहेरून दोघांचा बारीक आवाज येत होता. मधे मधे रफिक कानडीत बोलत होता. मल्लूबरोबर दीड वर्ष एका खोलीत राहिला होता, तेवढं आलं असेल. तिचे हात भाकरीवर चालू होते, पण कान तिकडं होते. एकदा ते हात थांबले, आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत थांबलेलेच राहिले. ती रडत होती. बाहेर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही आणि मी नंतर कुणाला विचारलंही नाही. बातमीदारानं न विचारावं अशीही एखादी गोष्ट असते.

आम्ही निघायला लागलो तेव्हा ती दारात आडवी आली.

“ऊटा माडकोंड होगरी,” म्हणाली. जेवून जा म्हणण्याएवढं कानडी सोलापुरात सगळ्यांना कळतं.

आम्ही ओसरीवर बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आमटी. रफिक डाव्या हातानं जेवायचा. एका हातानं ज्वारीची भाकरी मोडत नाही, ती ताटात नुसती सरकते. घरी बायको मोडून देत असणार. इथं तो ओशाळून आमटीच पीत राहिला. मल्लिनाथच्या आईनं ते बघितलं. ती वाढायचं थांबली, त्याच्यासमोर बसली, त्याचं ताट आपल्याकडं ओढलं आणि भाकरी मोडून आमटीत कुस्करायला लागली. चांगली मऊ होईपर्यंत कुस्करली. मग ताट परत त्याच्यापुढं सरकवलं आणि तो पहिला घास घेईपर्यंत तशीच बसून राहिली.

शिवलिंगप्पा जेवता जेवता त्याला विचारत होते, “एका हातानं ट्रॅक्टर जमल काय रं?”

“शिकीन की,” रफिक म्हणाला.